क्रँकची ॲक्सल तुटली आहे. घरी बदलता येईल का?

पहिली_पाळी

मंडळी, मदत हवी आहे.

वडिलांची काळी जेन्ट्स सायकल आहे. सातपूरच्या कारखान्यात पहिल्या पाळीला ते आयुष्यभर तिच्यावरून गेले. ते गेल्यावर चार वर्षं ती जिन्याखाली उभी होती. गेल्या दिवाळीत टायर-ट्यूब बदलून मी चालवायला काढली. काल सकाळी सोमेश्वरला जाऊन परत येत होतो. गंगापूर रोडला एका चढावर उभं राहून पायडल मारत होतो, तर 'टक्' असा आवाज आला आणि डावा पाय थेट डांबरावर. मागे वळून बघतो तर क्रँक (पायडलचा दांडा) पायडलसकट रस्त्यात पडलेली. क्रँकच्या भोकात सुपारीएवढा लोखंडाचा तुकडा तसाच अडकून बसलाय. नडगी सोलली, बाकी ठीक आहे.

तिथून सिडकोपर्यंत एका हाताने सायकल ढकलत, दुसऱ्या हातात ती क्रँक घेऊन चालत आलो. त्रिमूर्ती चौकात एकाने विचारलंच, "काय दादा, कोणाला फोडायला निघाले?"

घराजवळच्या दुकानदाराने नीट न बघताच सांगितलं, "ॲक्सल गेली. आता कोण बसतंय हे करत? भंगारात टाका, गिअरची घ्या." भंगारात तर टाकणार नाही. ही ॲक्सल, म्हणजे दोन्ही क्रँक जोडणारा मधला आडवा गज, घरी बदलता येते का? माझ्याकडे हातोडी, पक्कड, पान्ह्यांचा एक डबा आहे. पंक्चर काढता येतं, ब्रेकचे रबर बदलले आहेत. त्यापुढे कधी गेलो नाही.

तर्रीबाज

पहिला मी!
सोमेश्वरला गेला होतास म्हणजे येताना मिसळ झालीच असणार. वर एक पाव जास्तीचा. ॲक्सलला काय बोल लावायचा? (हलकेच घ्या.)

नाना_फिटर

येते बदलता. पण आधी सांगा, क्रँक ॲक्सलवर कशी बसवली आहे? आडवी पिन ठोकून वर छोटा नट आहे, की क्रँकच्या मधोमध बोल्ट आहे? पिन असेल तर ती कॉटर. मधोमध बोल्ट असेल तर आत ॲक्सलचं टोक चौकोनी निमुळतं असतं, त्याला क्रँक ओढून काढायचा पुलर लागतो. काही लहान मुलांच्या सायकलींना दोन्ही क्रँक आणि ॲक्सल मिळून एकच वाकवलेला गज असतो, त्याचं तंत्र तिसरंच. आधी हे कळल्याशिवाय कोणाचाही सल्ला ऐकू नका. माझाही.

गिअरवाली

माझं प्रामाणिक मत: मिस्त्रीकडे द्या.

मी मागच्या लॉकडाउनमध्ये व्हिडिओ बघून स्वतःच्या सायकलीची क्रँक काढायला बसले होते. पुलर ऑनलाइन मागवला. तो क्रँकच्या आट्यांत पूर्ण आत फिरवून बसवायचा असतो, हे मला नंतर समजलं. मी दोन-तीन आटेच लावले आणि मधला दांडा पिळायला लागले. क्रँक ॲल्युमिनियमची, पुलर पोलादाचा. कुरकुर करत आटे असे बाहेर आले जशी शेव सोऱ्यातून येते. क्रँक जागची हलली नाही ती नाहीच. शेवटी कापून काढावी लागली. पाचशेचं काम अडीच हजारांत पडलं, शिवाय दादा आयुष्यभर चिडवतोय ते वेगळं.

पहिली_पाळी

नाना, आडवी पिनच आहे. दोन्ही बाजूंना. उजवीकडच्या पिनेचा नट गंजून काळा पडलाय.

गिअरवालीताई, शेव वाचून हसलो. पण भीतीही वाटली.

नाना_फिटर

कॉटर आहे म्हणजे सोपं आहे आणि त्रासाचंही आहे. सोपं, कारण महागडं हत्यार लागत नाही. त्रासाचं, कारण गंजलेली कॉटर माणसाची परीक्षा बघते. मी आयटीआयला फिटर होतो, पुढे अंबडला तीस वर्षं काढली. तिथेही साध्या पिनेने जेवढं रडवलं तेवढं मोठ्या मशीनने रडवलं नाही.

डावी बाजू तुमची आयतीच मोकळी झाली आहे. क्रँक हातात आहे, तिच्यातला तुकडा व्हाइसमध्ये धरून निवांत काढता येईल. खरं काम उजव्या बाजूला. ॲक्सलला दोन्हीकडे कोनासारखा फुगवटा असतो, त्यावर छर्रे फिरतात. त्यामुळे उजवी क्रँक उतरवल्याशिवाय ॲक्सल डावीकडून बाहेर येणारच नाही.

आधी चेन चक्रावरून खाली घ्या. उजव्या पिनेवर डिझेल सोडा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी पुन्हा सोडा. मग नट सैल करा, पण काढू नका. नटाचं तोंड आणि पिनेचं टोक एका पातळीत येईल एवढाच ठेवा, म्हणजे हातोडी बसली तरी पिनेचे आटे चेपत नाहीत.

आता महत्त्वाचं. क्रँक आडवी करा, पिनेची नटाची बाजू वर. खाली एक जाड लोखंडी पाईप उभा करा. पिनेचं डोकं पायपाच्या पोकळीत यायला हवं आणि क्रँकची कड पायपाच्या काठावर टेकायला हवी. पाईप जमिनीवर भक्कम उभा पाहिजे, उंची कमी पडली तर खाली फळी द्या. हे का? आधार नसेल तर हातोडीचा सगळा मार छर्ऱ्यांवर आणि ते ज्यात फिरतात त्या कपांवर जातो आणि कपाला खड्डे पडतात. आधार असेल तर मार पिनेवरच बसतो.

आणि ठोकायचं तर एकदाच, जोरात. दीड-दोन किलोची हातोडी घ्या. खिळे ठोकायच्या हातोडीने वीस वेळा टकटक कराल तर पिनेचं टोक फुलून कमळ होईल, मग ती भोकातून जायचीच नाही. तसं झालंच तर ड्रिल मारून पोखरावी लागते.

उजवा कप शक्यतो काढू नका. आत बोट फिरवून बघा, गुळगुळीत असेल तर तिथेच राहू द्या.

ओझरकर

नानांनी पद्धत चोख सांगितली आहे. मी जरा वेगळं विचारतो.

नवी ॲक्सल टाकण्याआधी जुनी का तुटली ते बघा. मी ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात होतो, तुटलेले भाग बघण्यात बरीच वर्षं गेली. तो सुपारीएवढा तुकडा आहे ना, त्याच्या तुटलेल्या तोंडावर उजेड पाडा आणि काय दिसतं ते इथे लिहा. फोटो टाकला तर उत्तम.

तर्रीबाज

सुखोईवाले काका सायकलवर उतरले. धागा आता उडणार.

पहिली_पाळी

काका, आत्ता टॉर्च लावून बघितलं. क्रँकच्या तोंडाशीच तुटलाय, पिनेची खाच संपते तिथे. तोंडाचा निम्म्याहून जास्त भाग तपकिरी आणि गुळगुळीत आहे, त्यावर बारीक बारीक वळ्या दिसतात. एका कडेला थोडाच भाग पांढरा, खरखरीत, खडीसाखर फोडल्यावर दिसते तसा.

ओझरकर

मग काल तुमची ॲक्सल तुटलीच नाही. ती कित्येक महिने तुटत होती.

तपकिरी भाग म्हणजे जुनी चीर. प्रत्येक पायडलाला ती उघडते-मिटते, केसभर पुढे सरकते, आत पाणी-हवा जाऊन गंजते. त्या वळ्या म्हणजे चीर थांबत थांबत पुढे गेल्याच्या खुणा, शिंपल्यावर असतात तशा. पांढरा खरखरीत भाग तेवढा कालचा. एवढ्याशा लोखंडावर तुम्ही चढाला उभे राहिलात.

अशी चीर बहुतेक वेळा खाचेच्या कोपऱ्यात सुरू होते, कारण ताण तिथे साचतो. आणि पिन सैल असली की क्रँक दर फेरीला खाचेवर थोडी मागे-पुढे आपटते. दर फेरीला 'कट्' असा आवाज येत होता का?

पहिली_पाळी

येत होता! दोन महिने. मी चेनला तेल घालत होतो.

नाना_फिटर

सगळे चेनलाच तेल घालतात.

मखमलाबादची_मावशी

अरे, हे वाचून आमची सायकल आठवली. आमच्या मखमलाबादला तेव्हा सगळीकडे द्राक्षाच्या बागा. वडील पहाटे दुधाचे दोन कॅन लावून पंचवटीत रतीब घालायला जायचे. त्याच सायकलीवर मग मी शाळेत. पाय पुरत नव्हते म्हणून दांड्याखालून पाय घालून, कैचीत. आमच्या सायकलीचाही असा कट् कट् आवाज यायचा. वडील रस्त्यात उतरायचे, एक गोटा उचलायचे, पिनेवर दोन दणके, नट आवळला की चालले पुढे. ओझरकर भाऊ म्हणतात तसं काही असेल हे त्यांना माहीत नव्हतं, पण सैल पिनेवर कधी सायकल चालवली नाही.

पहिली पाळी, तुझ्या वडिलांनीही दणके घातलेच असतील. चार वर्षं ते काम कोणी केलं नाही, एवढंच.

पहिली_पाळी

मावशी, बरोबर आहे. सायकलीच्या पिशवीत फडक्यात गुंडाळलेला एक गुळगुळीत दगड होता. मी टायर बदलताना फेकून दिला. मला वाटलं उतारावर चाकाला लावायला असेल.

शंकासुर

नाना म्हणतात उजवा कप काढू नका. पण काढावाच लागला तर? आणि माझा मूळ प्रश्न असा, की उलटे आटे नक्की कोणत्या बाजूला असतात? मला माहीत होतं डावीकडे उलटे. इथे एका जुन्या धाग्यात उजवीकडे लिहिलंय. कोणीतरी एकजण चुकीचा आहे.

गिअरवाली

पायडलचं डावीकडे उलटं. कपाचं उजवीकडे उलटं. दोघेही बरोबर.

शंकासुर

असं कसं? एकाच सायकलीला?

सह्याद्रीसायकल

असंच आहे. मुठीत पेन्सिल सैल धरा आणि तिचं टोक हवेत गोल फिरवा. टोक ज्या दिशेला फिरतं त्याच्या उलट दिशेला पेन्सिल स्वतःभोवती फिरते. करून बघा, मग भांडा. दाब असा गोल फिरत राहिला की पायडल किंवा कप स्वतःच्या आट्यांतून हळूहळू निसटू शकतो. म्हणून ज्या बाजूला निसटायची भीती तिथे आटे उलटे. आपल्याकडच्या काळ्या सायकली इंग्लिश धाटणीच्या, त्यांचा चेनकडचा कप उलट्या आट्यांचा. इटालियन धाटणीत दोन्ही कप सरळ आट्यांचे असतात आणि त्यांचा उजवा कप सैल होतो अशी जगभर तक्रार आहे.

लक्षात ठेवायला: पान्हा उभा, वरच्या बाजूला धरा. पायडल सोडवायचं असेल तर पान्हा मागच्या चाकाकडे ओढा. कप सोडवायचा असेल तर पुढच्या चाकाकडे. डावी-उजवी दोन्ही बाजूंना हेच. पायडल मागे, कप पुढे.

शंकासुर

पेन्सिल फिरवली. ऑफिसात. शेजारचा बघत होता. खरंच उलटी फिरते. शब्द मागे घेतो.

नाना_फिटर

सह्याद्रींचं 'पायडल मागे, कप पुढे' आवडलं, मी तीस वर्षांत असं सोपं सांगू शकलो नसतो.

उजवा कप काढायचाच झाला तर त्याला पान्ह्याची पकड नीट मिळत नाही, घसरतो. एक जाड बोल्ट घ्या. बाहेरून कपाच्या भोकातून आत घाला, दोन्हीकडे मोठे वायसर, आतून नट. आतला नट पान्ह्याने धरून बोल्ट आवळा, कप वायसरांमध्ये गच्च चिमटला जाईल. मग तसाच बोल्ट आवळत राहा. आवळायची दिशा घड्याळाची, आणि उलट्या आट्यांचा कपही घड्याळाच्या दिशेनेच सुटतो. म्हणजे जितका जोर लावाल तितकी पकड घट्ट आणि कपही त्याच जोराने सुटतो. हाताने करायच्या कामात यापेक्षा हुशार युक्ती मी पाहिली नाही.

तर्रीबाज

अवांतर: आमच्या नाशकाला सायकलचं वेड आहे हे मात्र खरं. डॉक्टर महाजन बंधूंनी २०१५ साली 'रेस अक्रॉस अमेरिका' दोघांच्या टीममध्ये पूर्ण केली, तेव्हापासून आमच्या गल्लीत प्रत्येक डॉक्टर हेल्मेट घालून फिरतो.

गिअरवाली

आणि नाशिक-पंढरपूर सायकल वारी! मी एकदा गेले होते. त्या वेळी बरोबरच्या एका आजोबांची अशीच काळी सायकल होती, वय सत्तरच्या पुढे. मला वाटलं हे काय येणार. दुपारी उन्हात मी सावलीला बसले होते आणि ते पुढे निघून गेले. जाता जाता म्हणाले, "पोरी, गिअर बदलण्यात दमलीस का?"

सह्याद्रीसायकल

काळ्या सायकलींचा विषय निघालाच आहे तर: ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद पडला. जागतिक सायकल दिन होता तो. तेव्हापासून जुनी काळी सायकल कोणी भंगारात टाकतो म्हणालं की मला वाईट वाटतं. पहिली पाळी, टाकू नकोस.

शंकासुर

धाग्याचं पंढरपूर झालं. ॲक्सलचं काय झालं?

पहिली_पाळी

आलो, आलो. शनिवार पूर्ण यातच गेला. जे झालं ते सांगतो.

दोन रात्री डिझेल सोडलं. सकाळी पार्किंगमध्ये जुन्या बोअरच्या पायपाचा तुकडा उभा केला, खाली एक फळी. शेजारच्या काकांकडून मोठी हातोडी आणली. ते स्वतःच बरोबर आले, कारण त्यांना 'बघायचं होतं'. थोड्या वेळाने वरच्या मजल्यावरचे दोघे. सिडकोत कोणी सायकल उलटी केली की पाच माणसं जमतात.

पहिला घाव मी घाबरत घातला. काही नाही. दुसरा तसाच. काका म्हणाले, "नाना काय सांगतात? एकच, जोरात." (धागा मी त्यांना वाचून दाखवला होता.) डोळे मिटून घातला तिसरा. पिन 'खळ्' करून सुटली. त्या आवाजाचं सुख शब्दांत सांगता येणार नाही.

पुढे डावीकडची लॉकरिंग (कप घट्ट धरणारी कडी) छन्नी लावून फिरवली, खाचा थोड्या खराब झाल्या. कप सुटला आणि आतून काळा चिखल आणि छर्रे. उजव्या कपात बोट फिरवलं, काचेसारखा गुळगुळीत. तो राहू दिला. डावा मात्र खड्ड्यांनी भरलेला. छर्रे मोजायला घेतले. अकरा हवेत, डावीकडे दहाच निघाले.

आता गाढवपणा. तुटलेली ॲक्सल घरी ठेवून मी बाजारात गेलो आणि 'काळ्या सायकलची ॲक्सल द्या' म्हणालो. दुकानदाराने एक काढून दिली. घरी येऊन ग्रीस लावून बसवली तर डावा कप एवढा बाहेर राहतोय की लॉकरिंगला एकच आटा मिळतोय. ग्रीस लागलेली म्हणून परत घेतली नाही, आणि त्यांचंही बरोबर आहे. संध्याकाळी जुनी ॲक्सल तुकड्यासकट पिशवीत घालून जुन्या नाशकातल्या एका दुकानात गेलो. तिथल्या चाचांनी दोन्ही तुकडे जोडून धरले, एका पत्र्याच्या डब्यात हात घातला आणि न मोजता एक ॲक्सल बाहेर काढली. हुबेहूब. एक डावा कप, दोन कॉटर, दोन डझन छर्रे, लॉकरिंग, सगळं मिळून तीनशेच्या आत.

पण अजून काम झालेलं नाही. सगळं बसवलं आणि आता चक्र फ्रेमला घासतंय. डावीकडची क्रँक मात्र फ्रेमपासून चांगली लांब आहे. आणि दोन्ही क्रँक एका रेषेत नाहीत, एक बाराला तर दुसरी पाचला. काय चुकलं?

नाना_फिटर

दोन चुका आहेत आणि दोन्ही सगळ्यांच्या होतात.

ॲक्सल उलटी घातलीत. तिची एक बाजू लांब असते, ती चेनकडे हवी, कारण तिकडे चक्राला जागा लागते. कोनापासून टोकापर्यंत दोन्हीकडे मोजलंत की फरक लगेच दिसेल.

दुसरं, पिना. दोन्ही कॉटर एकाच दिशेने घातल्या असतील. एकीचा नट वर असेल तर दुसरीचा त्याच वेळी खाली हवा. म्हणजे क्रँक समोरासमोर येतात. पिनेची सपाट बाजू ॲक्सलच्या खाचेवर नीट बसत नसेल तर कानस मारा, पण अगदी थोडी आणि दोन्ही पिना सारख्या.

आणि आता पुन्हा उघडणारच आहात तर आणखी एक करा. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीचा मधला भाग कापून त्याची नळी करा आणि फ्रेमच्या आत, दोन कपांच्या मध्ये घाला. वरच्या नळ्यांमधून गंजाचा चुरा आणि पावसाचं पाणी खाली येतं, ते ग्रीसमध्ये पडत नाही. तुमच्याकडे जो काळा चिखल निघाला तो तिथूनच आला.

मखमलाबादची_मावशी

छर्रे ताटात ठेवून काम कर रे. आमचा एक कपाटाखाली गेला तो आजतागायत सापडला नाही.

गिअरवाली

मावशी, पहिली पाळीचा अकरावा तिथेच गेला असेल.

ओझरकर

पाव इंची छर्रे, प्रत्येक बाजूला अकरा, बरोबर आहे. जाळीत बसवलेले मिळतात त्यांत संख्या कमी असते, भार कमी छर्ऱ्यांवर जातो. सुटेच घाला. कप आवळताना आधी खेळ (डुगडुग) पूर्ण जाईपर्यंत आवळा, मग किंचित मागे घ्या. ॲक्सल हाताने फिरवली की कुठेही अडखळायला नको, हलवली की डुगडुगायलाही नको. लॉकरिंग आवळताना कप हातात धरून ठेवा, नाहीतर तोही बरोबर फिरतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

पहिली_पाळी

रविवार, रात्रीचे सव्वानऊ. झालं.

ॲक्सल फिरवून घातली, बाटलीची नळी घातली. लॉकरिंगला चार वेळा झटापट केली, काका कप धरून बसले होते. पिना उलट-सुलट दिशेने. आता चक्र फ्रेमपासून बोटभर लांब, क्रँक एका रेषेत. पायडल हाताने मागे फिरवून सोडलं तर आवाज न करता तीन-चार फेऱ्या स्वतःच घेतं. अंधार पडल्यावर पवननगरपर्यंत एक चक्कर मारून आलो. कट् नाही, कुर्र नाही. पहिल्यांदा कळलं की ही सायकल इतकी गुपचूप चालू शकते.

गिअरवालीताई, तुमचं ऐकलं असतं तर शनिवार वाचला असता. पण मग काकांनी पिशवीत त्यांच्याकडचा एक गोटा घातला नसता.

नाना_फिटर

अभिनंदन. नव्या पिना बसायला वेळ घेतात. पंचवीस-तीस किलोमीटर झाले की पाईप लावून एक दणका घाला आणि नट आवळा. नट पिनेला ओढण्यासाठी नसतो, पिन दणक्यानेच बसते, नट फक्त ती सुटू नये म्हणून. आणखी शंभर किलोमीटरला पुन्हा बघा.

तर्रीबाज

पंचवीस-तीस किलोमीटर म्हणजे त्र्यंबक. वाटेत मिसळ. मी येतो, दणका घालायला.

पहिली_पाळी

चालेल, रविवारी सहाला त्रिमूर्ती चौकात.

आणि हो, ती चुकून आणलेली लांब ॲक्सल पडून आहे. कोरी आहे, फक्त ग्रीस लागलेलं. सिडको-अंबड भागात कोणाला हवी असेल तर फुकट घेऊन जा.

मखमलाबादची_मावशी

माझा भाचा अजून दुधाला काळीच सायकल चालवतो, तिला फ्रेम रुंद आहे. टोकापासून टोकापर्यंत किती आणि दोन कोनांच्या मधलं अंतर किती, दोन्ही सांग.

पहिली_पाळी

मावशी, सांगतो. पट्टी मुलीच्या दप्तरात आहे आणि ती झोपली आहे. सकाळी मोजून इथेच टाकतो.